वाडीवरचे विरळ ढग

मी ढगांचे फोटो काढते. लोकांना एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, तरी विरारला आमच्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये अजून विचारतात, "आणि याचा पगार मिळतो?" मिळतो बाई, मिळतो. पूर्वी मी त्यांना समजावून सांगायची. आता नुसती हसते आणि माझ्या मजल्याचं बटण दाबते.

काम साधं आहे. गच्चीवर एक पांढरा डबा, त्यात वर तोंड करून बसवलेला कॅमेरा. त्याचं भिंग असं फुगीर, की चारी बाजूंचं सगळं आकाश एका गोल फोटोत मावतं. त्याच्यावर धूळपाण्यापासून जपायला एक पारदर्शक घुमट, मोठ्या वाटीएवढा. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर मिनिटाला एक फोटो. इतके फोटो माणूस बघत बसत नाही, संगणक बघतो. प्रत्येक ठिपक्यात निळा किती आणि लाल किती ते तो मोजतो. निळा भरपूर असला तर आकाश मोकळं. दोन्ही जवळजवळ सारखे असले तर ढग. अधलंमधलं काही असलं तर विरळ ढग. विरळ ढग म्हणजे ज्याला आपण एरवी ढग म्हणणारही नाही. आकाश जरा दुधाळ दिसतं, सावलीची कड जरा मऊ पडते, इतकंच.

माझे असे दोन कॅमेरे होते. एक विरारला, मी राहते त्याच इमारतीच्या गच्चीवर. दुसरा आमच्या गावी, गिरीजला, वडिलांच्या घराच्या स्लॅबवर. मला बघायचं होतं की केळी-माडांच्या वाड्यांवरचं आकाश आणि सिमेंटच्या जंगलावरचं आकाश यांत काही फरक आहे का. कल्पना माझी होती. आमच्या सरांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, ती दोन वेळा परत पाठवली आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या नावाने मंजूर करून आणली. ते असो.

गिरीजला वडील एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. वाडी आहे, विहीर आहे, वाडीच्या टोकाला बावखल आहे. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि तेच मुरून विहिरींना गोडं पाणी देतं. केळी, नारळ, थोडी भाजी, कुंपणाला सोनचाफ्याची चार झाडं. वडिलांची सत्तरी कधीच उलटली, पण अजून स्वतः पाणी सोडतात, स्वतः झावळ्या ओढतात. मी कॅमेरा बसवायला गेले तेव्हा शिडीच्या वरच्या पायरीवर बसून सगळं टक लावून बघत होते. आमच्या घरात आमची बोली बोलतात, इथे मी सरळ मराठीत लिहिते.

"हा फोटो कुठं जातो?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे. ऑफिसात."

"आणि तू बघतेस?"

"रोज बघते, बाबा."

खोटं नव्हतं ते तेव्हा. पहिले आठ दिवस मी खरंच बघत होते. मग त्यांना एक मऊ फडकं दिलं, शुद्ध पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि बजावलं, "रोज सकाळी घुमट पुसायचा. एक डाग राहता कामा नये. डाग राहिला तर संगणकाला तो ढग वाटतो." सूचनांचा कागद स्लॅबवर जायच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर 'हलक्या हाताने' असं दोनदा लिहिलं होतं. कशाने पुसायचं नाही, हे एकदाही लिहिलं नव्हतं. घुमट काचेचा नव्हता, ॲक्रिलिकचा होता, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. हेही मी वडिलांना सांगितलं नाही. त्यांना काय करायचंय, असं वाटलं असेल.

आता आमच्या आळीची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. आळीतल्या घरांनी पाळीपाळीने आठवडाभर त्याची सेवा करायची: फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या आणि पितळेच्या मेणबत्तीदाण्या घासायच्या. नव्या पोरांना हे नको असतं. त्यामुळे दुसऱ्यांच्या पाळ्याही वडीलच करायचे. घासायचं ते कुठल्या पावडरीने नाही. चुलीतली राख धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायची, तिच्यावर लिंबू पिळायचं आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने गोल गोल घासायचं. अख्ख्या गावात पितळ घासावं तर त्यांनीच. सणाच्या दिवशी फादरसुद्धा मेणबत्तीदाणी हातात घेऊन तोंड बघायचे आणि म्हणायचे, आता आरसा नको. वडील वरून म्हणायचे, "कसलं काय, जरा हात फिरवला."

तर असा माणूस. त्याला मी सांगितलं, एक डाग राहता कामा नये.

पहिलं वर्ष संपलं आणि मी आलेख काढला. गिरीजची रेघ विरारच्या वर. दर महिन्याला जरा जरा जास्तच वर. म्हणजे वाड्यांवर विरळ ढग जास्त आणि ते वाढत चाललेले. मी खुर्चीतून उठले आणि कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून आले. आमच्या वाड्या, आमची बावखलं, आमचे माड, हे सगळं मिळून आपल्या डोक्यावर एक पातळ पांघरूण ओढून घेतंय, असं मला दिसायला लागलं. असं काही तरी सापडावं म्हणूनच मी दोन कॅमेरे बसवले होते, आणि सापडलं. शास्त्रज्ञाने तिथेच सावध व्हायचं असतं. मी झाले नाही.

विरारच्या कॅमेऱ्यावर मात्र माझा बिलकूल विश्वास नव्हता. समोर इमारत उभी राहत होती, तिची धूळ, वर कबुतरं. दर रविवारी मी गच्चीवर चढून त्याची तपासणी करायची, वॉचमनला बोलायची, घुमट स्वतः पाण्याने धुवायची. गिरीजच्या कॅमेऱ्याची मी दोन वर्षांत एकदाही तपासणी केली नाही. गिरीजला जायची नाही असं नाही. जायची, ओटीवर बसायची, चहा घ्यायची, केळ्यांचा घड घेऊन निघायची. शिडी चढायचा कंटाळा. आणि वर घरचा माणूस होता ना! दोन कॅमेरे मधेच अदलाबदल करून बघायचे, हा आमच्या धंद्यातला अगदी पहिला धडा. मी तो विद्यार्थ्यांना शिकवते. स्वतः केला नाही.

वडिलांचा दोन-चार दिवसांनी फोन यायचा. केळी कशी आहेत, पाणी किती आहे, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "आजचा फोटो बघितलास का गं?"

"बघितला, बाबा."

"कसा होता?"

"छान. स्वच्छ."

आईच्या वर्षाच्या मिस्साला, म्हणजे दरवर्षी तिच्या नावाने चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, मी जाऊ शकले नाही, बाहेरगावी परिषद होती. त्या दिवशीही फोन आला. मिस्सा कसा झाला ते सांगितलं, कोण कोण आलं होतं ते सांगितलं आणि मग विचारलं, "आजचा बघितलास?" मी भाषणाचे कागद चाळत होते. म्हटलं, "हो बाबा, छान आहे." ते म्हणाले, "बरं वाटलं गं, बाय." मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा आहे, आईची आठवण आली असेल.

दुसऱ्या वर्षी त्यावरचा शोधनिबंध, आमच्या भाषेत पेपर, छापून आला. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. आणि त्याच सुमारास गावात मोजणीवाले आले.

वाड्यांच्या मधून एक रुंद रस्ता जाणार होता. नकाशावर ती एक सरळ रेघ होती. जमिनीवर ती आमचं बावखल, आमची विहीर आणि अर्धी वाडी घेऊन पुढे जात होती, आणि आमच्यासारख्याच आणखी कितीतरी. गावाने समिती केली. पुढे होत्या आमच्या शाळेच्या बाई. मला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. आता निवृत्त, गुडघे गेलेले, पण आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर माझ्या पेपरची छापील प्रत, खाली शब्दकोश.

"मला यातलं अर्धं कळलं," बाई म्हणाल्या. "पण जे कळलं ते पुरे आहे. वाड्या गेल्या तर ढग जातील. असंच ना?"

मी म्हटलं, "इतकं सरळ नाही, बाई. पण तशा दिशेने आहे."

"तशा दिशेने आहे ना? मग झालं. हरकतींच्या अर्जात पहिला मुद्दा तुझा. विहिरी आणि बावखलं खाली घेऊ. ती रड त्यांनी खूप ऐकलीय. हे शास्त्र आहे."

मी नको म्हणायला हवं होतं. एका आलेखावर एवढा भार टाकू नका, असं सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. वीस वर्षं या गावाने मला विचारलं होतं, ढगांचे फोटो काढून काय मिळतं. आता माझा आलेख चर्चच्या फाटकाबाहेर दरवाजाएवढ्या बॅनरवर लागला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वाड्या, आमचे ढग.' रविवारी मिस्सा सुटला की वडील इस्त्रीचा शर्ट घालून त्या बॅनरपाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "कॅमेरा माझ्या गच्चीवर आहे. मीच ठेवतो स्वच्छ. एक डाग नाही."

सुनावणीची तारीख लागली. तिच्या तीन आठवडे आधी वडिलांचा सकाळी फोन आला, आवाजात ओशाळलेपण. माडाची सुकी झावळी वाऱ्याने सुटून नेमकी घुमटावर पडली होती. घुमटाला मोठी चीर गेली होती.

"असू दे बाबा, दुसरा आहे माझ्याकडे," म्हटलं आणि त्याच दिवशी जाऊन बदलला. नव्या घुमटाच्या कडेला पाणी आत जाऊ नये म्हणून चिकट लेप लावला होता, तो नीट सुकायला हवा होता. म्हणून वडिलांना सांगितलं, चार दिवस हात लावू नका. जुना घुमट पिशवीत टाकून ऑफिसात नेला. परत करायचा होता, आमच्याकडे तुटलेल्या वस्तूसुद्धा जमा कराव्या लागतात.

चौथ्या दिवशी दुपारी मी सहज आकडे उघडले. गिरीजची रेघ धपकन खाली आली होती. विरारच्या रेघेला टेकली होती आणि तिला धरूनच चालली होती. चार दिवस वाड्यांवर आणि सिमेंटवर एकच आकाश. मला आधी वाटलं, नवा घुमट खराब आहे. मग पिशवीतून जुना घुमट काढला आणि खिडकीपाशी उन्हात धरला.

ओरखडे. असंख्य, केसाहून बारीक, आणि सगळे गोल. वरच्या टोकापासून कडेपर्यंत एकात एक वर्तुळं. सावलीत ते दिसतही नव्हते, नुसती एक चमक दिसत होती. पण ऊन पडलं की प्रत्येक ओरखडा जरासा पांढरा उजेड फेकत होता, आणि संगणक त्यालाच विरळ ढग म्हणत होता. रोज थोडे नवे ओरखडे, म्हणून महिन्यागणिक ढग वाढत होते. वाडीवर ढगच नव्हते. होते ते वडिलांच्या हाताचे वळसे.

मी तशीच निघाले. गिरीजला पोचले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती, वडील ओटीवर चाफ्याच्या कळ्या मोजून पुड्या बांधत होते. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. घुमट त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, हा कशाने पुसत होतात?"

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्यांना वाटलं, मी कौतुक करायला आले आहे. "राख आणि लिंबू," ते म्हणाले. "क्रूसाच्या पितळेला लावतो ना, तेच. पण राख दोनदा गाळून घेतलेली. तुझं ते बाटलीतलं पाणी कुचकामाचं, बाय. त्याने कावळ्याची घाण निघते, चमक येत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हाही चढलो."

मला राग आवरला नाही. त्या घरात मी वडिलांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी शेजारच्या वाडीत ऐकू गेला. "तुम्हाला फडकं दिलं होतं ना? कागद लावला होता ना दाराला? वाचता येत नाही का? दोन वर्षं, बाबा! दोन वर्षांचं काम मातीत घातलंत तुम्ही माझं! ढग नाहीतच तिथे. सगळे तुमचे ओरखडे आहेत!"

ते घुमटाकडे बघत राहिले. हातातली कळी तशीच. त्यांनी विचारलं, "मग रस्ता?"

"रस्त्याचं मला काय विचारता? तुम्हीच केलंत हे."

तुम्हीच केलंत. हे शब्द मी बोलले. आजही रिक्षात बसलेली असते, भाजी घेत असते आणि ते शब्द माझ्याच आवाजात कानात वाजतात. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. पेपरवर पहिलं नाव असलेल्या माणसाने पाच मिनिटांत हात झटकले. "तुमच्या घरच्यांनी उपकरण हाताळलं, संस्थेचा याच्याशी संबंध नाही, असं लेखी द्या." दोन वर्षं आकाश त्यांचं होतं, ओरखडे मात्र माझ्या बापाचे.

मग बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शब्दकोश बाजूला सारला.

"सुनावणी होईपर्यंत गप्प बसता येणार नाही तुला?"

"अर्ज तिथे आधीच गेलाय, बाई. त्यात माझं नाव आहे. मला तिथे विचारलं तर खोटं कसं सांगू?"

"मीच शिकवलं असेन तुला खरं बोलायला," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

मी तत्त्वासाठी बोलले, असं कुणी समजू नये. मी घाबरले होते. नवा घुमट बसला होता, नवे आकडे रोज येत होते, आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात आलंच असतं. माझी नोकरी, माझं नाव, हेही त्यात होतं. पण ते पुरतं खरं नाही आणि प्रामाणिकपणा होता हेही पुरतं खरं नाही. दोन्हीचं मिसळण होतं, आणि त्यात कशाचं प्रमाण किती, हे मला कुठल्याही संगणकाला विचारता येत नाही.

सुनावणी एका सरकारी कार्यालयाच्या सभागृहात होती. पंखे गरगरत होते, वारा कुठेच नव्हता. गावातून चार गाड्या भरून माणसं आली होती. वडील शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी उभी राहिले आणि सांगितलं की पहिला मुद्दा मी मागे घेते, घुमटावर ओरखडे होते, निष्कर्ष चुकीचा आहे. सभागृहात कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"ओरखडे कशाने पडले?"

"साफ करताना."

"साफ कोण करत होतं?"

मी हातातल्या कागदाकडे बघत राहिले. सांगायला किती सोपं होतं: मी. माझी जबाबदारी, माझं उपकरण, माझी चूक. ते खरंही होतं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी, साहेब," वडील म्हणाले. उभे होते. "राख आणि लिंबू लावून."

पलीकडच्या बाजूला, रस्ता हवा म्हणणाऱ्यांत, दोन-तीन माणसं मोठ्याने हसली. अधिकारीही हसले. वाईट हसले नाहीत, माणसाला हसू येतं तसंच हसले. मग त्यांनी अर्जाची पानं उलटली आणि विचारलं, "बाकीच्या हरकतींचाही पाया असाच आहे का?"

बाकीच्या हरकतींचा पाया विहिरी होत्या. बावखलं होती. पाणी मुरतं कुठे आणि गोडं राहतं कसं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वाडी वाचवायला ढगांची गरज नव्हतीच, विहिरी पुरेशा होत्या. पण त्या खालच्या पानांवर होत्या, आणि खालची पानं त्या दिवशी कुणी वाचली नाहीत. निकालात लिहून आलं, 'अर्जदारांनी शास्त्रीय आधार स्वतःहून मागे घेतला आहे.'

आमच्या बावखलाच्या काठावर आता लाल रंगवलेली खुंटी आहे. बॅनर कुणी काढला माहीत नाही. बाई माझ्याशी बोलतात, पण मी कुणी पाहुणी असल्यासारख्या, अहो-जाहो करून. आणि वडिलांनी क्रूसाची पाळी सोडली. आळीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या हाताने आता नको. मेणबत्तीदाण्या काळ्या पडल्या आहेत. कुणी कधी बाजारातली पावडर लावतं, कुणी लावत नाही.

पेपर मागे घेतल्याचं निवेदन लिहायचं होतं. त्यात तारीख लागते: बिघाड नेमका केव्हा सुरू झाला. वडील म्हणाले होते पहिल्या दिवसापासून, पण छापायला पुरावा हवा. तेव्हा मला आठवलं की आमच्या संगणकाला एक सोय करून दिलेली आहे. कॅमेऱ्यासमोर काही आलं, कावळा बसला, कुणी हात घातला, तर तो फोटो मोजणीत धरायचा नाही, बाजूला टाकायचा. ते सगळे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. फोल्डरचं नाव 'अडथळे'. ते नाव मीच दिलेलं. दोन वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

त्या दुपारी उघडलं.

पहिल्या दिवसाचा पहिला अडथळा: वडील. गोल फोटोभर त्यांचा चेहरा, भिंगाच्या फुगवट्यामुळे नाक मोठं, कान मागे गेलेले, मागे माडाचे शेंडे. दुसरा: लुगड्याचा बोळा आणि बोटं. तिसरा: घुमटावर सोडलेली वाफ. चौथ्यात पुन्हा चेहरा, अगदी जवळ, डोळे बारीक करून डाग शोधताना. कोपऱ्यात राखेची वाटी. म्हणजे पुरावा तिथेच होता, पहिल्या दिवसापासून, रोज. मी फक्त बघायचं होतं.

पुढच्या तारखा बघत गेले. काही दिवसांनी काम उरकल्यावरही एक फोटो जास्तीचा असायला लागला. त्यांच्या लक्षात आलं असणार की हा दर मिनिटाला एक काढतो, म्हणून शेवटच्यासाठी ते थांबायचे. केस विंचरलेले. भिंगाकडे सरळ बघत. माझ्या वाढदिवसाला हातात सोनचाफा, भिंगाच्या इतका जवळ धरलेला की निम्मं आकाश पिवळं झालेलं. केळीला पहिलं केळफूल आलं ते. नाताळात टोपी. तापाचे असतील असे चार दिवस, दाढी वाढलेली, मफलर, तरी फोटो आहेत. आणि आईच्या वर्षाच्या मिस्साच्या दिवशी, सकाळी, भिंगापुढे दोन्ही हातांनी धरलेला आईचा फोटो. एकामागून एक सहा मिनिटं. हात जराही हललेला नाही.

"आजचा बघितलास?" त्यांनी विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, हो बाबा, छान आहे.

संगणकाने तो दिवस नीट मोजला होता. ती सहा मिनिटं सोडून.

निवेदनात मी तारीख घातली, बिघाडाचं कारण 'अयोग्य पद्धतीने सफाई' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगू? तुम्ही रोज मला भेटायला गच्चीवर येत होता, हे मला आता कळलं? त्यांना वाटतं, मी दोन वर्षं त्यांना रोज बघत होते. राख बघत होते, वाटी बघत होते, आणि तरी शेवटी म्हटलं, तुम्हीच केलंत. माझ्याबद्दल त्यांना काय वाटत असेल ते वाटो. पण मी त्यांना एकदाही बघितलं नव्हतं, हे कळण्यापेक्षा तेच बरं, असं मी मनाशी म्हणते. खरं तर माझी हिंमत होत नाही.

गिरीजचा कॅमेरा अजून चालू आहे. वडिलांचा शेवटचा फोटो झावळी पडली त्या सकाळचा आहे. चिरेतून दोन तुकडे झालेला चेहरा, हातात ती झावळी, मला दाखवायला उचललेली. नवा घुमट बसल्यापासून मी ते फोल्डर रोज उघडते. त्यात आता फक्त कावळे असतात.